म्हातारपणाचा अभ्यास कुणी करायचा?

मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या एखाद्या गावात सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलं, की पहिल्याच रकान्यात अडायला होतं. "आजी, वय काय तुमचं?" "आता काय सांगू बाई, असंल साठ-सत्तर." आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. दिराच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींनी निम्म्या वर्गाची तीच तारीख लिहून टाकलेली. अशा वेळी कामात मुरलेली कार्यकर्ती फॉर्म बाजूला ठेवते आणि दुसरीकडून विचारायला लागते. बाहत्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? खडी फोडायला गेला होता का? तेव्हा पोरंबाळं होती का? "थोरली चालायला लागली होती, दुसरा पोटात होता." म्हणजे तेव्हा वय विसाच्या आगेमागे, म्हणजे आज बाई सत्तरी ओलांडलेली. पाटण-कऱ्हाडकडे हेच काम डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप करतो, पुण्याच्या जुन्या पेठांत जुलै १९६१चा पानशेतचा पूर.

या एका उत्तरावर पुढे बरंच काही ठरतं. राज्याच्या श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टीनंतर सुरू होतं, महिना १५०० रुपये, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. कार्डावर एकसष्ट लिहिलेलं असेल, तर सत्तरीतल्या बाईला आणखी चार वर्षं थांबावं लागतं. कागद जुळले तरी पैसे काढताना यंत्रावर अंगठा उठत नाही, कारण पन्नास वर्षं खुरपं आणि दगड हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. या बाईचं म्हातारपण समजून घ्यायचं, तर तिचा रक्तदाब मोजणं गरजेचं आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही. तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं की लागलंच नाही, तिच्या मजुरीतून कुठल्या फंडात कधी एक रुपया तरी कापला गेला का, हे कळल्याशिवाय तिचं आजचं जगणं उलगडत नाही.

म्हणून महाविद्यालयात समाजशास्त्राबरोबर वार्धक्यशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलामुलींची बाजू मला जोरात मांडावीशी वाटते. आपल्याकडे माणसं शरीरानं थकण्याच्या आधी जमीन, मजुरी, लग्न आणि कागद यांनी म्हातारी होतात. समाजशास्त्राला बाजूला ठेवून वार्धक्यशास्त्र शिकवलं, तर त्यातून फार तर शुश्रूषेचं तंत्र हाती लागेल. आणि म्हाताऱ्या माणसांकडे न पाहता समाजशास्त्र शिकवलं, तर दर दहातलं एक माणूस सोडून उरलेल्या समाजाचंच वर्णन होत राहील. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं सुमारे १ कोटी ११ लाख होती, लोकसंख्येच्या ९.९ टक्के. त्यानंतर राज्याचा जननदर आणखी उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तो १.७वर आलेला दिसतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक दशकात हा वाटा वाढणार. तरीही कला शाखेतल्या मुलीनं "मला म्हाताऱ्या माणसांवर काम करायचंय" असं सांगितलं, की घरचे काळजीत पडतात आणि प्राध्यापक कौतुकानं पाठ थोपटतात. दोन्हीकडे समज एकच, की हे दयाळू माणसाचं काम आहे. यात ज्ञान आहे आणि पोट भरेल असा व्यवसायही आहे, हे कुणाच्या मनात येत नाही.

ज्ञानाचं आधी बोलू, कारण व्यवसाय त्याच्यावरच उभा राहणार आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात कुटुंबसंस्था शिकवताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पूर्वी एकत्र कुटुंब होतं, म्हाताऱ्यांना मान होता; मग शहरं आली, विभक्त कुटुंबं आली आणि आईबाप उघड्यावर पडले. मुलं ती वहीत उतरवून घेतात, पेपरात लिहितात, आणि बरेचदा आयुष्यभर तीच खरी मानतात. पण या गोष्टीची चौकशी आपल्याच अभ्यासकांनी केव्हाच केलेली आहे. अ. म. शहा यांनी गुजरातमधल्या एका खेड्याची १८२५ सालची कागदपत्रं तपासून कुटुंबावरचं आपलं पुस्तक १९७३मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पूर्वी सगळीकडे मोठी एकत्र कुटुंबंच होती हे गृहीतक त्यात टिकलं नाही. थोडा हिशेब मांडला तर त्यात नवल वाटू नये. स्वातंत्र्याच्या सुमाराला या देशातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडंसंच पुढे होतं. बालमृत्यूंमुळे ती सरासरी खाली ओढली जाते हे खरं, पण नातवाचं लग्न पाहणारे आजी-आजोबा तेव्हा आजच्या मानानं थोडेच होते. तीन पिढ्या दीर्घकाळ एकाच वेळी जिवंत असणं ही आपल्या काळातली नवी गोष्ट आहे. त्यासाठीची घरं, कायदे, सवयी आपण आत्ता कुठे घडवतो आहोत.

दुसरं टोकही तपासून पाहावं. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. 'लासी' या नावानं ते ओळखलं जातं. त्यात साठीपुढचे एकटे राहणारे सहा टक्क्यांच्या आसपास निघाले. बहुतेक म्हातारी माणसं आजही मुलासुनांच्या, नातवंडांच्या किंवा जोडीदाराच्या सोबत राहतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांना १९५०च्या दशकात पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत असंच आढळलं होतं. वृद्धांना कुटुंबानं टाकून दिलंय असा बोलबाला होता, आणि प्रत्यक्षात लेकी रोज आईकडे येत-जात होत्या. मग दुःख नाही का? आहे, पण ते बरेचदा घराच्या आत आहे. एकाच छपराखाली राहून औषधाला पैसे मागावे लागणं, दुपारी एकटीनं जेवणं, कर्त्या मुलाच्या तोंडाकडे बघत बोलणं. एकटेपणा मोजायला घरातली डोकी मोजून चालत नाही. अशा वेळी समाजशास्त्राची दृष्टी कामी येते.

हे नीट कळलं नाही तर उपाय चुकतो, म्हणून मी इतकं ताणून धरते आहे. मुलं बिघडली असं निदान केलं, की उपाय म्हणून संस्कारवर्ग निघतात. मध्यमवर्गीय मराठी मनात वार्धक्य म्हटलं की 'नटसम्राट' आणि 'संध्याछाया' उभी राहतात. दोन्ही नाटकं थोर आहेत, त्यांतलं दुःख खरं आहे. मात्र राज्यातली बहुसंख्य वृद्ध माणसं खेड्यांत राहतात, आणि त्यांची गोष्ट या नाटकांत मावत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एखाद्या गावात दिवाळीनंतर जाऊन पाहावं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात. गावात राहतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी नातवंडं आणि दाव्याला बांधलेली शेळी. चार-पाच महिने त्या घराची कर्ती ती आजीच असते. पाणी तीच भरते, नातवाला ताप आला तर सरकारी दवाखान्यात तीच नेते, रेशनच्या दुकानात रांगेत तीच उभी राहते. पाठ्यपुस्तकं वृद्धांना "अवलंबून असलेला लोकसंख्येचा भाग" म्हणतात. इथे कोण कोणावर अवलंबून आहे? ती आजी घरी नसती, तर मुलांची शाळा सुटून तीही फडावर गेली असती. साखरेच्या किमतीत तिच्या या कामाचा एक पैसाही धरलेला नाही.

आणि काळजीचा भाग हा, की हीच आजी सर्वेक्षणात "काही काम करता का?" या प्रश्नाला "आता माझ्यानं काय काम होतंय" असं उत्तर देते. बोलता बोलता तिचे हात मेथी निवडत असतात. फॉर्म भरणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं, तर ती बिनकामाची ठरते.

परदेशातून आलेली मापं आपल्याकडे वापरताना असंच होतं. वृद्धांची रोजच्या व्यवहारातली क्षमता मोजण्यासाठी लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ची प्रश्नावली जगभर वापरतात. फोन करता येतो का, बाजारहाट जमतो का, स्वयंपाक, कपडे धुणं, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा व्यवहार, असे आठ प्रश्न. मूळ पद्धतीत पुरुषांना पाचच प्रश्नांचे गुण होते. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं त्यांच्या हिशेबात नव्हतं. अमेरिकेतल्या त्या काळच्या घराचा आराखडाच त्या मापात उतरला होता. आता हीच प्रश्नावली सांगोल्यातल्या एका जोडप्याला लावून बघा. आजोबांनी जन्मात चहा केलेला नाही, आजींनी जन्मात बँकेची पायरी चढलेली नाही. त्यांना हे करता येत नाही यात वयाचा भाग किती आणि घरातल्या वाटणीचा किती? डॉक्टरला हा फरक करायला वेळ नसतो. तो करायला शिकलेलं माणूस कुणीतरी तयार करावं लागतं.

सिद्धांतांचंही तेच. कमिंग आणि हेन्री या अभ्यासकांनी १९६१मध्ये मांडलं, की उतारवयात माणूस आणि समाज परस्परांपासून हळूहळू मोकळे होत जातात आणि ते दोघांच्याही सोयीचं असतं. आपल्या विद्यार्थ्याला यात लगेच वानप्रस्थ दिसतो आणि तो खूश होऊन उत्तर लिहितो. पण मोकळं व्हायला पेन्शन लागते. लासीच्या पाहणीत साठीपुढची एक तृतीयांशाहून जास्त माणसं काम करत होती, आणि आपल्याकडे या वयात काम करणाऱ्यांत शेतकरी आणि मजूरच जास्त. गिरणगावातल्या कामगाराचं तर आणखी वेगळं. १९८२च्या संपानंतर त्याला चाळिशीतच कामातून बाहेर फेकलं गेलं. त्याच्या आयुष्यात निवृत्ती अशी आलीच नाही. आणि पेन्शन मिळते त्यांचं तरी काय? भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतल्या किमान पेन्शनचा आकडा आज महिना १००० रुपये आहे, २०१४पासून तेवढाच. अशा कामगारासाठी वार्धक्याचा सिद्धांत कुठून सुरू करायचा, हा प्रश्न मुंबईतल्या कुठल्याही पदव्युत्तर वर्गात एक सत्रभर पुरेल.

पण वर्गात आज हे होतं का? नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प, कार्यानुभव आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले. कागदावर हे फार चांगलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्रकल्प म्हणजे वृद्धाश्रमाला भेट. बस करून जायचं, फळवाटप करायचं, मुलींनी दोन गाणी म्हणायची, आजी-आजोबांबरोबर फोटो काढायचे आणि आठ पानांचा अहवाल लावायचा. मुलांच्या भावना खोट्या नसतात. काही जणी परतताना रडतात. पण त्या भेटीतून त्या काय शिकल्या? वृद्धाश्रमात राहणारी माणसं एकूण वृद्धांच्या मानानं अगदी थोडी, आणि मुलांना मात्र वार्धक्याचं तेवढंच रूप दिसलं. त्यातही त्यांनी आश्रमाचा जमाखर्च पाहिला नाही, रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारलं नाही, तिथल्या कर्मचारी बायकांशी त्या बोलल्या नाहीत.

त्यापेक्षा एका विद्यार्थिनीनं आठवडाभर तालुक्याच्या सेतू केंद्रात बसावं. श्रावणबाळसाठी कोण येतं, कुठल्या कागदावरून परत जातं, पुन्हा किती हेलपाटे मारतं, सोबत कोण असतं, हे लिहून काढावं. दुसऱ्यानं ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत बसून पाहावं की तिथे बायका किती, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कुणी आहे का. फेस्कॉमसारख्या महासंघामुळे महाराष्ट्रात अशा संघांचं जाळं पसरलं, ही मोठी कमाई आहे. पण त्या जाळ्यात कोण आलं आणि कोण बाहेर राहिलं हे तपासणं समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचंच काम. तिसऱ्यानं उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढण्यापासून औषध हाती पडेपर्यंत एका आजोबांबरोबर चालावं, घड्याळ लावून. असल्या कामाला बसभाडं लागत नाही, मात्र शिक्षकाला अहवालाची प्रत्येक ओळ वाचावी लागते.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९मध्ये सुरू झाला, घुर्ये यांच्यासारखा मालवणचा माणूस तिथे पिढ्या घडवून गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे गावोगाव फिरल्या आणि १९५३मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ आला. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६पासून समाजकार्य शिकवते आहे. सासू-सून, भावजय, आत्या, नातू यांच्या नात्यांवर इतका बारीक विचार जिथे झाला, तिथल्या विद्यार्थ्याला वार्धक्याकडे वळणं जड जाऊ नये.

आता पोटापाण्याचं. इथे मुलांना खोटं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. "वार्धक्यतज्ज्ञ हवा" अशी जाहिरात वर्तमानपत्रात सहसा दिसत नाही. काम मात्र आहे आणि वाढतं आहे. रुग्णालयांतल्या उपशामक उपचारांच्या विभागात समुपदेशक लागतात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांना धरून ठेवणारं माणूस लागतं, १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीला फोन घेणारे आणि प्रत्यक्ष घरी जाणारे लागतात, सर्वेक्षणांना मराठी नीट ऐकू येणारे अन्वेषक लागतात, स्वयंसेवी संस्था आणि ज्येष्ठांसाठीच्या नव्या वसाहतींना व्यवस्थापक लागतात. यांतल्या कुठल्याच ठिकाणी नुसती बी.ए.ची पदवी पुरत नाही. तिच्या जोडीला एक हातचं कौशल्य लागतं: संख्याशास्त्र आणि आकडे हाताळण्याची सवय, किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, किंवा कायद्याचं ज्ञान, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षण संस्थेसारख्या ठिकाणचं वृद्धसेवेचं प्रशिक्षण. कुणी आधी नर्सिंग करून मग समाजशास्त्राकडे आलं तर फारच उत्तम. आईवडील "आधी हाताला नोकरी लागू दे" म्हणतात त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

चूक आहे ती पगाराच्या बाबतीत. या क्षेत्रात मुलाखतीला गेलेल्या मुलीला हमखास ऐकायला मिळतं, "हे सेवेचं काम आहे, पैशाकडे पाहू नका." ज्या कामाला सेवा म्हणून गौरवलं जातं, त्याचे पैसे द्यायचे टळतात, आणि ते काम बहुतेक करून बायकांच्या वाट्याला येतं. शहरातल्या एखाद्या सदनिकेत पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या आजी असतात. मुलगा परदेशी, सून नोकरीला. ब्युरोतून मावशी येतात, बारा तासांच्या ड्यूटीला किंवा चोवीस तासांच्या. कूस बदलायची, डायपर बदलायचा, नळीतून भरवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दोनदा उठायचं. ब्युरो त्यांच्या पगारातून दर महिन्याला कमिशन कापतो. रजा घेतली की बदली माणूस त्यांनीच शोधायचा. आणि त्यांची स्वतःची सासू गावाकडे, तिला भाकरी करून घालते सातवीतली नात. आर्ली हॉशशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी देशादेशांमधल्या अशा साखळीवर लिहिलं आहे. आपल्याकडे ती एका एसटीच्या तिकिटाच्या अंतरात पूर्ण होते. वार्धक्यशास्त्र शिकलेल्या माणसानं त्या आजींचाच विचार केला आणि मावशींचा केला नाही, तर त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं असं मी म्हणेन. मावशींना किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि रीतसर प्रशिक्षण मिळावं ही मागणी वार्धक्याच्याच अभ्यासातून निघते, कारण ज्या बाईला झोप मिळत नाही ती रुग्णाची कूस वेळेवर बदलू शकत नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते. मुलांच्या कुपोषणाचे, शिक्षणाचे प्रश्न पडलेले असताना म्हाताऱ्यांवर पैसा कशाला? ऊसतोडीच्या गावातलं घर ज्यानं पाहिलं त्याला ही वाटणी करता येणार नाही. तिथे नातवाची शाळा आणि आजीचं गुडघेदुखीचं औषध एकाच दोरीला बांधलेलं असतं.

सरकारनं काय करावं, याचं उत्तर कायद्यात निम्मं लिहिलेलंच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७च्या कायद्यानं प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे न्यायाधिकरण दिलं. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववण्याची सोय केली. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेली मिळकत, अट मोडल्यास रद्द ठरवता येते. निकालाआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येतं, आणि आईबापांच्या वतीनं उभं राहायला निर्वाह अधिकारीही नेमायचा आहे. पण प्रांतांकडे भूसंपादन, निवडणुका, दाखले, पूर-दुष्काळ सगळंच असतं. निर्वाह अधिकाऱ्याचं काम समाजकल्याणच्या अधिकाऱ्याकडे जोडून दिलेलं. आई समोर उभी राहते, मुलगा खाली मान घालतो, आणि त्या दोघांच्या मधे नक्की काय बिनसलंय हे विचारायला कुणाला अर्धा तास मिळत नाही. बरेचदा भांडण दोन भावांच्या वाटणीचं असतं आणि आई त्यात मधे सापडलेली असते. कधी मुलाचंच काम गेलेलं असतं आणि त्याच्याकडे द्यायला काही नसतं. कधी आईला पैसे नकोच असतात, तिला माजघरातली खोली परत हवी असते. हे ओळखायला घर, जमीन, नाती आणि म्हातारपण यांचं एकत्र शिक्षण झालेलं माणूस लागतं. प्रत्येक उपविभागात असा एक पूर्णवेळ, पगारी सलोखा अधिकारी नेमावा. पात्रता म्हणून समाजशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, वार्धक्यशास्त्राचा अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा गावपातळीवरचा अनुभव मागावा. त्याच अधिकाऱ्याकडे श्रावणबाळच्या नाकारलेल्या अर्जांची फेरतपासणीही द्यावी, म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण वयाचा पुरावा म्हणून नोंदवून घेणारं कुणीतरी सरकारी खुर्चीत असेल.